खळ

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत
तेवीस वर्षं मी कापडाची खळ उतरवतो.
विणण्याआधी सुताला पाजलेली ती पेज
पुढे रंगाच्या आड येते,
लाल मग लाल होत नाही, नुसतं लालसर बसतं.
पासष्ट अंश, थोडं एन्झाइम, तासभर धीर
आणि शेवटी आयोडीनचा एक थेंब.
निळा पडला तर पिष्ट आहे अजून.
तपकिरी राहिला तर कापड सुटलं.

घरी बीअर करायलाही हेच लागतं
हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं.
फक्त तिकडे जे गटारात सोडतो
ते इकडे पातेल्यात राखायचं.

गड्डा उठला, पाळणे सुटे होऊन ट्रकवर चढले,
रात्री पंधरा-सोळा अंशांवर आल्या.
सोलापुरात एल करायची तर वर्षात एवढीच फट,
फाल्गुन लागला की यीस्टसुद्धा घाम पुसत बसेल.
पाणी पाचव्या दिवशी आलं, पहाटे तीनला.
पिण्याचं भरलं, आईचं भरलं,
उरलेल्या दोन घागरी माझ्या.

मोड आणून वाळवलेलं जव मी गरम पाण्यात सोडलं.
आई, नरसव्वा, उंबऱ्यात बसून बघत होती.
हातमागाच्या काळात गल्लीभर ताणा पसरून
तिनं बोटांनी पाजणी केलेली.
मी थर्मामीटर बघत होतो, ती वाफ.
"कल्लु आहे का हे?"
"नाही. ताडी वेगळी."
त्या शब्दानंतर आमच्याकडे थोडा वेळ कुणी बोलत नाही.
नायना ताडी पिऊन परत यायचे,
कधी सायकलवर, कधी सायकलशिवाय,
कधी चौघांच्या हातांवर.

मग ती उठली. डावातला थेंब चिमटीत घेऊन
बोटं हळूच उघडली. तार आली.
"उतरली नाही अजून."
मी बशीत आयोडीन टाकलं. निळं. शाईसारखं.
वीस मिनिटांनी पुन्हा तिची चिमूट, पुन्हा उघडलेली बोटं,
तिनं मान हलवली
आणि मी बाटलीचं बूच काढलंच नाही.

मध बोरामणीच्या बसय्या हिरेमठचा,
करडईच्या रानात पेट्या ठेवतो तो.
"किलोभर? खोकला मोठा दिसतोय," म्हणाला.
मी खोकलो.
आच बंद करून मगच घालायचा हा मध,
उकळला की फुलं उडून जातात.
हॉप्स पुण्याहून कुरिअरनं, कडू, वाळक्या गवतासारखे.
चोथा मैमुनाच्या शेळीनं दोन दिवस पुरवून खाल्ला.

पिंप मोरीच्या कोपऱ्यात,
अंगावर आमच्याच कारखान्याचे तीन ओले टॉवेल,
किनार चुकली म्हणून एक्सपोर्टमधून परत आलेले.
नळीचं तोंड स्टीलच्या पेल्यातल्या पाण्यात.
तिसऱ्या रात्री लाइट गेली, गल्लीतले माग थांबले,
तेव्हा ऐकू आलं
गुबुक.
बराच वेळ काही नाही. गुबुक.
"मोरीत कोण आहे रे?" आई आतून.

बाटल्या भरल्या, तीन आठवडे थांबलो.
एक फुटली, तिचं काय सांगायचं,
छताला अजून डाग आहे.
दुसरी उघडली. रंग कोऱ्या मांजरपाटाचा,
फेस आला आणि लाजून खाली बसला.

"घोटभर दे."
मी दिली.
"मध घातलास ना किलोभर? कुठाय?"
"यीस्टनं खाल्ला. गोडी सगळी जाते, आई,
म्हणून तर हलकी होते."
तिनं पेला नाकाशी धरला.
"वास ठेवलाय पण."
आणखी एक घोट.
"एवढी हलकी असती तर
चालत घरी आला असता तुझा बाप."

पेला विसळून तिनं पालथा घातला.
मी बाटल्या मोजत बसलो, मोजलेल्याच.
दिवा मालवल्यावर, बऱ्याच वेळानं,
अंधारातून तिचा आवाज आला,
"पुढच्या खेपेला ज्वारी घालून बघ.
मालदांडीच आण. मोड मी आणते."